चांदणीची आडवी चाल

विनायकराव खोडे त्या रविवारी भैय्याजींकडे नुसता पेपर परत द्यायला गेले होते. पेपर देऊन उभ्या उभ्या परत आले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्यांनी जरा टेकायचं ठरवलं. आणि टेकले तेही नेमके टीव्हीसमोर.

गल्लीत टीव्ही एकच, भैय्याजींचा. संत्र्याच्या व्यापाऱ्याला शोभेल असा लाकडी दारांचा, वर त्यांच्या बायकोनं, प्रेमलतावहिनींनी, विणलेलं क्रोशाचं झाकण. नागपूरहून निघालेलं चित्र पांढुर्ण्याला पोचेपर्यंत दमून जायचं, त्यामुळे पडद्यावर कायम मुंग्या. त्या दिवशी त्या मुंग्यांतून एक घोडा बाहेर आला. कुठल्याशा परदेशातला. पाठीवर काळा कोट आणि पांढरे हातमोजे घातलेला स्वार, असा ताठ की बसवायच्या आधी त्याला इस्त्री केली असावी. घोडा मैदानाच्या मधोमध आला, आणि तोंड समोर ठेवून चक्क आडवा चालायला लागला. एक पाय दुसऱ्यावरून टाकत, सावकाश, शांत पाण्यावर होडी सरकावी तसा.

विनायकरावांची बशी कलली आणि चहा पायजम्यावर उतरला.

“भैय्याजी, पाहून राहिले का? घोडा आडवा चालून राहिला!”

“घोडा नाही चालून राहिला बाबू, अँटेना हलून राहिला,” भैय्याजी म्हणाले. “थांबा, वर कावळा बसला असन.”

ते खरंच गच्चीवर गेले आणि कावळ्याला हाड्-हाड् करून आले. खाली घोडा आडवाच चालत राहिला. विनायकराव घरी गेले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर होते की नाही, हे सांगणं कठीण. एक खरं, समोरून येणाऱ्या पोस्टमनला त्यांनी ओळख दिली नाही आणि स्वतःच्या घरावरून दोन घरं पुढं निघून गेले.

विनायकराव तहसील कचेरीत नकलनवीस. दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हे काम बावीस वर्षं केलेलं. (घरीही तेच. तिथं मजकूर मनकर्णाबाईंचा.) अशा माणसाच्या डोक्यात काही नवं करायची हुक्की आली की ती पाहुण्यासारखी येते, आणि पाहुण्यासारखीच लवकर हलत नाही.

आणि घरी घोडी होती. विनायकरावांचे वडील, बापूजी, गेले तेव्हा त्यांच्या मागं ही चांदणी राहिली. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, डोळे असे की आत्ता काहीतरी आठवून हसेल. पांढुर्ण्यातले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेलेले. (त्यातले काही अजून तिच्याकडं रागानं बघतात, पण त्यात तिचा काय दोष?) अलीकडं मात्र लोकांना फुलांनी मढवलेली जीप आवडायला लागली होती. चांदणी परसात उभी राहून कडबा खायची आणि जीप गेली की मान वळवून पाहायची. तिचं ते पाहणं विनायकरावांना बघवायचं नाही.

मनकर्णाबाईंनाही बघवायचं नाही, पण त्या विचार करणाऱ्या होत्या.

“लोधीखेड्याचा माणूस पुन्हा येऊन गेला,” पानं वाढता वाढता त्या म्हणाल्या. “त्याले खटाऱ्याले घोडी पायजे.”

“खटाऱ्याले? चांदणीले?” विनायकरावांचा घास हातातच राहिला.

“मग काय करू? मीबी काही दगड नाही. पण जनावर कामाविना उभं राहून आंबून चाललं. फागुनात भैय्याजींच्या जयश्रीचं लग्न आहे. तुम्ही त्यांच्या पाया पडून पडून जीप रद्द करवली, ते मले माहीत आहे. ठीक आहे. त्या वरातीत घोडी पाहून कोणी एकानं जरी म्हटलं का आमच्याबी घरी पाठवा, तर राहू द्या तिले. नाही तर पाडव्याले तो येते आणि घेऊन जाते. मी होकार देऊन टाकला.”

विनायकरावांनी मजकूर तपासला. खाडाखोड कुठंच नव्हती. म्हणजे एक वरात, आणि त्या वरातीत चांदणीनं असं काहीतरी करायला हवं होतं जे जीपच्या बापाला जमणार नाही. जीप पुढं जाते, मागं जाते. आडवी जात नाही.

पुढच्या रविवारी ते रामाकोन्याला जाणाऱ्या बसनं सौंसरला गेले. तिथं तुळशीरामदादा राहायचे. पोलिसांच्या घोड्यांवर उभी नोकरी काढून पेन्शनीत आलेला माणूस. खाटेवर बसायचा तोही रिकिबीत पाय ठेवल्यासारखा.

“आडवी चाल?” तुळशीरामदादांनी मिशी चोळली. “सोपी आहे. फक्त माणसाले अक्कल पायजे, घोडीले असतेच. हे पाह, घोडी कानानं नाही ऐकत, अंगानं ऐकते. पाठीवर सरळ बस. डावी टाच हळूच लाव. ती उजवीकडं एक पाऊल सरकली का टाच काढ आणि गूळ दे. रोज थोडं. आरडाओरड नाही, घाई नाही. घोडीले वाटलं पायजे का हे तिलेच सुचलं.”

“आणि थांबवायचं कसं?”

“तू ढिला पड. तू ढिला पडला का तीबी ढिली पडते.”

विनायकरावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, तुळशीरामदादांच्या खोकल्यासकट.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. माघ लागलेला, जाम नदीवरून धुकं उठून परसात यायचं आणि गोठ्याच्या खांबाला अडून बसायचं. गावाबाहेरच्या बागांत संत्र्याला फूल आलेलं, त्याचा वास असा दाट की सूर्याला वर यायला वाट काढावी लागे. त्या धुक्यात विनायकराव मफलर बांधून चांदणीच्या पाठीवर बसायचे. खाली जमीन दिसत नसे. परसाची भिंत, तुळस, वाळत घातलेला पायजमा, सगळं विरघळून जाई आणि उरे ते एक मोठं हिरवं मैदान. विनायकरावांच्या हातांत मोजे, अंगात काळा कोट, आणि दूर कुठंतरी तहसीलदारसाहेब टाळ्या वाजवत उभे. (तहसीलदारांना त्यांनी का बोलावलं कोण जाणे. पण साहेब रोज यायचे.)

ते डावी टाच लावायचे. चांदणी शेपटी हलवायची. बस.

पहिले तीन दिवस एवढंच. टाच, शेपटी. टाच, शेपटी. चौथ्या दिवशी ते असेच मैदानात असताना डाव्या हाताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “अहो!”

विनायकराव दचकले. तेवीस वर्षं झाली तरी त्या हाकेनं ते दचकायचेच. ते गर्रकन डावीकडं वळले, “आहो ना, इथंच आहो!” म्हणाले, आणि वळताना तोल जाऊन त्यांची डावी टाच चांदणीच्या कुशीत रुतली. चांदणी एक पाऊल उजवीकडं सरकली. आडवी. पायावरून पाय टाकून.

“काय पायजे?” विनायकराव कसेबसे म्हणाले.

“डब्याचं झाकण निघत नव्हतं. निघालं. राहू द्या,” खिडकी म्हणाली.

ते सैल झाले. चांदणी थांबली. त्यांनी गुळाचा खडा काढून तिच्या तोंडाशी धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुळशीरामदादा म्हणाले होते तसंच झालं होतं, अगदी अक्षराला अक्षर.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मनकर्णाबाईंना सकाळी दहा कामं, आणि त्यातल्या प्रत्येक कामाला नवरा लागेल असं आधी वाटे, मग त्याच्यावाचून ते पार पडे. “अहो, दूधवाला आला!” वळणं, टाच, एक पाऊल. “राहू द्या, घेतलं मी.” सैल, गूळ. “अहो, बंब पेटला का पहा!” टाच, दोन पावलं. “राहू द्या, पेटला.” गूळ. तिसऱ्या आठवड्यात चांदणी भिंतीपासून गोठ्यापर्यंत सलग आडवी जायला लागली. धुक्यात तिचे पाय दिसतच नसत. फक्त ती बदामी पाठ, आणि त्यावर डोळे मिटून बसलेले विनायकराव, दोघंही एका अंगानं वाहत निघालेले. आजूबाजूच्या खिडक्यांतून गल्लीतल्या बायका दात घासता घासता पाहत राहायच्या. (गल्लीला काय, सगळंच दिसतं.) हे सुंदर होतं, यावर गल्लीचं एकमत होतं. एवढ्या सकाळी इतकं सुंदर दिसण्याची गरज काय, यावर मतभेद होते.

एकदा विनायकरावांनी तिला जाम नदीच्या वाळूत नेलं. मोकळी जागा, वारा, कोणी हाक मारायला नाही. तिथं त्यांनी डावी टाच लावली, उजवी लावली, दोन्ही लावल्या. चांदणी वाळूत उभी राहून पाण्याकडं बघत बसली. त्यांनी वहीत लिहिलं, “वाळू मानवत नाही.” घरी आणलं, खिडकीतून हाक आली, आणि घोडी लगेच चालली. त्यांनी खाली लिहिलं, “अंगण मानवते.” इथं दुसरं कोणी असतं तर त्याला शंका आली असती. पण नकलनवीसाचं काम शंका घ्यायचं नसतं.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं, सहा वाजून अडतीस मिनिटं. नवरदेव सौंसरचा, अरविंद, शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. सडपातळ, अबोल, फेटा कानांवर आलेला. वऱ्हाड दोन बस भरून आलं होतं. अरविंदला मारुतीच्या देवळाशी घोडीवर चढवताना विनायकरावांनी त्याच्या कानात सांगितलं, “मास्तर, मांडवाच्या दारात पोचलो का डावी टाच लावजा. हळूच. मग पाहजा मजा.”

“पडणार तर नाही ना मी?” अरविंदनं विचारलं.

“पडता कशाले? मी आहो ना!”

चांदणीचा कान हलला. ती अर्धं पाऊल उजवीकडं सरकली आणि परत आली. विनायकरावांना वाटलं, घोडी उत्सुक आहे.

वरात निघाली. संध्याकाळ अशी की जपून घडी घालून ठेवावी. ऊन विटकरी झालेलं, बँडच्या पितळी कर्ण्यांवर ते सांडत होतं, आणि बागांकडून येणारा फुलांचा वास अत्तरदाणीला लाजवत होता. चांदणीच्या कपाळावर झेंडूची मुंडावळ, गळ्यात घुंगरू. विनायकराव धुवून वाळवलेल्या कोटात, हातात कासरा धरून पुढं चालत होते. आपण चालतोय की कोणी आपल्याला स्वप्नात चालवतंय, हे त्यांना कळत नव्हतं. पाडवा, लोधीखेडा, खटारा, सगळं त्या धुळीत मागं राहिलं होतं.

वरात मांडवाशी आली. डाव्या हाताला भैय्याजींचा मांडव, उजव्या हाताला मोकळं मैदान, जिथं संत्र्याचा लिलाव होतो आणि त्या दिवशी जेवणाच्या चुली पेटल्या होत्या. पाच-पन्नास बायका पाटावर पोळ्या लाटत होत्या, त्यांच्यावर देखरेखीला मनकर्णाबाई. दारात प्रेमलतावहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, जावयाकडं भरल्या डोळ्यांनी पाहत.

विनायकरावांनी अरविंदला खूण केली. अरविंदनं टाच लावली. काही नाही. पुन्हा लावली. चांदणीनं शेपटी हलवली.

सौंसरची सगळी मंडळी बघत होती. तेवढ्यात प्रेमलतावहिनींच्या लक्षात आलं की ताटात नारळ नाही, आणि त्या भैय्याजींना म्हणाल्या,

“अहो!”

चांदणी सरकली. एक पाऊल, दोन, तीन. पायावरून पाय, घुंगरू वाजवत, मान कलती करून. वऱ्हाडातून “आँऽऽ” असा आवाज उठला. बँडमास्तरनं हे पाहिलं आणि आपोआप ठेका बदलला. सौंसरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. विनायकरावांना तहसीलदार दिसले, मैदान दिसलं, मोजे दिसले. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर पाच सेकंद कोणते, असं कुणी विचारलं तर ते हे.

सहाव्या सेकंदाला त्यांच्या ध्यानात आलं की घोडी मांडवापासून दूर चाललीय.

“बस, बस चांदणी,” ते म्हणाले आणि तुळशीरामदादांनी सांगितलं तसे ढिले पडले. ते इतके ढिले पडले की हातातला कासराही ढिला पडला. चांदणी ढिली पडली नाही.

“अहो, घोडी तिकडं काहून चालली?” प्रेमलतावहिनी ओरडल्या. चांदणीनं पाऊल मोठं केलं.

“अहो, नवरदेव!” वरमाय किंचाळली.

“अहो, धरा ना कोणीतरी! नवरदेव पडते!”

“अहो, तुम्ही पुढं व्हा!”

त्या वरातीत पावणेदोनशे बायका होत्या, आणि त्यातली प्रत्येक आपापल्या नवऱ्याला सांगत होती की काहीतरी करा. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही. त्यामुळे शब्द एकच, आणि तो चारी बाजूंनी. चांदणीला एवढ्या हाका जन्मात कोणी मारल्या नव्हत्या. ती मनापासून चालायला लागली. लिलावाच्या मैदानात शिरली, चुलींच्या मधून गेली, पोळ्यांच्या दोन रांगांमधून गेली, एकाही पोळीला खूर न लावता. लाटणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि लाटणी उगारून त्यांनीही हाक दिली, “अहोऽऽ!”

पुरुषमंडळी धावली. धावताना अरविंदला धीर देणं आलंच.

“मास्तर, घाबरू नका! आम्ही आहो!”

“आहो, आहो! मागंच आहो!”

चांदणीच्या दृष्टीनं आता हुकूम पुढूनही होता आणि मागूनही. अरविंद मास्तर दोन्ही हातांनी तिची आयाळ धरून बसला होता, फेटा नाकापर्यंत आलेला, आणि फेट्याखालून तो अगदी सभ्य आवाजात विचारत होता, “आलं का दार? आलं का दार?” बँड मागं मागं येत होता. नवीन पद्धतीची वरात असेल, असं बँडमास्तर समजला होता. मांडवात भटजी घड्याळ वर धरून सांगत होते की नऊ मिनिटं उरलीत.

विनायकराव कासऱ्याला लोंबकळत होते. ते खेचत नव्हते, खेचले जात होते. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटते सांगायला, पण त्यांना अजूनही ती चाल सुंदरच वाटत होती.

मैदानाच्या टोकाला स्वतः पाटावर बसलेल्या मनकर्णाबाईंनी पोळीवरून मान वर केली तेव्हा त्यांना समोरून आडवी येणारी घोडी दिसली, तिच्यावर आंधळा नवरदेव, आणि तिच्या पुढं पाय घासत येणारा आपला नवरा.

“अहो!” त्या पिठाच्या हातानं कपाळ बडवत ओरडल्या. “हे काय करून राहिले तुम्ही?”

ती हाक ओळखीची होती, बाकीच्या सगळ्या नकला होत्या. चांदणी जवळजवळ दुडकीवर आली, आडवी.

“अगं, काही तरी कर! मी धरून आहो, पण...” विनायकराव ओरडले. चांदणीनं अजून दोन पावलं टाकली.

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. कोटाची एक बाही उसवलेली, चप्पल एकच पायात. तेवीस वर्षांत झाकण असो, बंब असो, बल्ब असो, शेवटी जे म्हणायची वेळ यायची तेच आजही आलं होतं. त्यांनी सुस्कारा सोडला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या.

चांदणी थांबली.

अशी थांबली की अरविंदचा फेटा पुढं जाऊन तिच्या कानात अडकला. बँड थांबला. पळणारे एकमेकांवर आदळून थांबले. चांदणी शांतपणे उभी राहिली, विनायकरावांनी सवयीनं पुढं केलेल्या गुळाच्या हाताला वळसा घालून तिनं मान लांब केली, आणि मनकर्णाबाईंच्या पिठाळ तळव्यात आपलं नाक ठेवलं.

सहा आठवडे घोडीला कोण शिकवत होतं, हे विनायकरावांना त्या वेळी कळलं. मनकर्णाबाईंना एक क्षण आधी कळलं. (तेही नेहमीचंच.)

“तुमच्या टाचेचं काही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “ही माह्या हाकेवर चालून राहिली.”

“पण तुळशीरामदादा तर म्हणाले घोडी कानानं...”

“त्यांची बायको गरीब असन. सात मिनिटं राहिली मुहूर्ताले. तिचं तोंड फिरवा.”

“काय?”

“ही उजवीकडंच जाते ना? मग तोंड फिरवलं का उजवीकडं मांडव येते. फिरवा तोंड!”

विनायकरावांनी तोंड फिरवलं, घोडीचं. मनकर्णाबाई मागं वळल्या आणि कचेरीतल्या साहेबालाही जमणार नाही अशा आवाजात वरातीला म्हणाल्या, “आता कोणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बायांनी तर नाहीच. आणि पुरुषांनी ‘आहो’बी म्हणायचं नाही. असले तरी नाही म्हणायचं.”

चारशे माणसं गप्प झाली. पोळ्या तव्यावर जळत होत्या, पण त्याही गप्प जळल्या. मनकर्णाबाई घोडीच्या पुढं झाल्या, पदर सावरला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

“अहो…”

चांदणी सरकली. पायावरून पाय, जशी आली तशी.

“अहो… अहो…”

ऊन मावळत आलं होतं. चुलींचा धूर जमिनीलगत पसरून धुकं झाला होता, माघातल्या सकाळचं. त्यातून घोडी तरंगत चालली होती, घुंगरू मोजून वाजत होते, आणि पुढं मनकर्णाबाई मागं मागं चालत तिला बोलावत होत्या. त्या आवाजात झाकण नव्हतं, बंब नव्हता, दूधवाला नव्हता. विनायकराव कासरा धरून ऐकत होते. असं ‘अहो’ त्यांनी ऐकलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तेही दोनदाच. ते नकळत स्वतःही एक पाऊल उजवीकडं सरकले, मग दुसरं. आपल्याला हाक नाही, घोडीला आहे, हे आठवेपर्यंत ते निम्मं मैदान आडवे चालून गेले होते. पाहणारे सगळे होते, पण बोलायची बंदी होती म्हणून वाचले.

“राहू द्या,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

चांदणी बरोबर दारात थांबली, अख्खी बाजू मांडवाकडं करून. एरवी सासूला ताट घेऊन घोडीच्या तोंडाला वळसा घालावा लागतो, खूर चुकवावे लागतात. इथं जावई दारात नीट वाढून ठेवल्यासारखा समोर होता. प्रेमलतावहिनींनी अरविंदचा फेटा वर केला, त्याचे डोळे उघडे आहेत याची खात्री केली आणि ओवाळलं. सहा वाजून अडतीस मिनिटांनी अंतरपाट दूर झाला.

अक्षता पडल्या तशी सौंसरचा तो टोपी काढणारा म्हातारा विनायकरावांना शोधत आला.

“बाबू, घोडी तुमची का?”

“माझी,” विनायकराव म्हणाले. चप्पल अजून एकच होती.

“वैशाखात माह्या नातवाचं लग्न आहे. ही पाठवता का?”

त्याच्यामागं दोघंजण उभे होते, एक तिगावचा, एक रामाकोन्याचा. तिघांनाही आडवी चालणारीच घोडी पाहिजे होती. विनायकरावांनी गर्दीतून मनकर्णाबाईंकडं पाहिलं. त्या चांदणीच्या मानेवरून हात फिरवत होत्या आणि इकडं बघत नसल्याचं दाखवत होत्या.

“पाठवतो,” विनायकराव म्हणाले. “नक्की पाठवतो. मी स्वतः घेऊन येतो.”

“तुम्ही नाही आले तरी चालन,” म्हातारा म्हणाला. “वहिनींले पाठवा.”

पाडव्याला लोधीखेड्याचा माणूस आला तेव्हा मनकर्णाबाईंनी त्याला श्रीखंड वाढलं आणि तसाच परत पाठवला. चांदणी राहिली. वैशाखात तिगाव झालं, रामाकोना झालं, सौंसर झालं. सौंसरला तुळशीरामदादा खास पाहायला आले, दोन पावलं पाहून उठले आणि घरी जाऊन बायकोशी बराच वेळ बोलले म्हणतात. मनकर्णाबाईंना मानाची साडी, चांदणीला हार, आणि विनायकरावांकडं दोघींचं सामान.

घरात मात्र एक अडचण उभी राहिली. स्वयंपाकघरात ‘अहो’ म्हटलं की परसातली घोडी सरकून गोठ्याच्या कुडावर आदळायची. कूड दोनदा पडला. नवऱ्याचं नाव घेणं मनकर्णाबाईंच्या माहेरी सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तेव्हा त्यांनी चारआठ दिवस विचार केला आणि नवऱ्याला बोलावण्याची नवी रीत काढली.

ज्येष्ठात एका संध्याकाळी विनायकराव भैय्याजींच्या ओट्यावर बसले होते. वारा पडलेला, आकाशात एकच ढग, तोही आडवा चाललेला. विनायकराव त्याच्याकडं पाहत कुठल्याशा मैदानात पोचले होते. एवढ्यात त्यांच्या घरातून, टाळूला जीभ लावून काढलेला आवाज आला.

“टक्-टक्! टक्-टक्!”

भैय्याजींनी कान दिला. “कोणाले बोलावून राहिल्या वहिनी?”

“घोडीले,” विनायकराव म्हणाले, चप्पल पायात सरकवली आणि लगबगीनं घरी गेले.